सीओपीडीचा पेशंट घरी आणताय? सोलापूरकरांसाठी अनुभवातनं लिहिलेलं, सिस्टर ठेवण्यापासून सिलिंडरपर्यंत

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर बत्तीस वर्षं होते. टॉवेल, चादर, कापसाची तूस आणि वरनं दिवसाला एक कट्टा बिडी. फुफ्फुस कशानं गेलं हे आता वेगळं सांगायची गरज नाही. आजाराचं नाव सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. दोन वर्षांत तीनदा ॲडमिट झाले आणि तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले की आता घरी ऑक्सिजन लागणार, नेब्युलायझर (औषधाची वाफ करून देणारं मशीन) लागणार, आणि सुरवातीला एखादी शिकलेली सिस्टर ठेवा. आम्ही मान डोलावली आणि बाहेर येऊन एकमेकांकडं बघत बसलो, कारण सिस्टर कुठनं आणायची, मशीन भाड्यानं घ्यायचं का विकत, रात्री लाईट गेली तर काय, यातलं काही कुणालाच माहीत नव्हतं. आता तीच प्रश्नावली घेऊन ओळखीतले लोक माझ्याकडं येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, आकडे तुमच्या डॉक्टरांकडनंच घ्या.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

डिस्चार्जच्या दिवशी बिल, मेडिक्लेमचे कागद, रिक्षा या गडबडीत काही विचारायला होत नाही, म्हणून आदल्या दिवशीच वही घेऊन जा. चार गोष्टी डॉक्टरांकडनं लिहून घ्या, तोंडी नको. ऑक्सिजन मिनिटाला किती लिटरवर आणि दिवसातनं किती तास. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, किती ते किती ठेवायचं. कुठलं औषध नेब्युलायझरनं आणि कुठलं पंपानं (इनहेलरनं), किती वेळा. आणि तब्येत बिघडली तर घरातलं पहिलं औषध कोणतं आणि कुणाला फोन करायचा. काही डॉक्टर अडचणीच्या वेळेसाठी अँटिबायोटिक आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स आधीच लिहून देतात, पण तो त्यांना फोन करूनच सुरू करायचा, आपल्या मनानं नाही.

ज्यांचं निदानच नीट झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडं दम लागला की सगळ्याला दमाच म्हणतात. दमा वेगळा, सीओपीडी वेगळा, जुन्या टीबीनं फुफ्फुस आखडलेलं असतं ते आणखी वेगळं. स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी, ती केल्याशिवाय सीओपीडी म्हणायचं नसतं. आणि हा फक्त बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा आजार नाही बरं का, आयुष्यभर चुलीपुढं बसलेल्या बायकांनाही होतो. माझ्या आईच्या गल्लीत दोघी आहेत, दोघींनी कधी बिडी ओढली नाही, वळल्या मात्र हजारोंनी, आणि शेजारी चूल.

डिस्चार्जआधी आणखी एक करा. वॉर्डातल्या सिस्टरला म्हणा, "ताई, नेब्युलायझर मला लावू दे, तू बघ." एकदा आपल्या हातानं केलं की घरी भीती राहत नाही.

सिस्टर कशी शोधायची

इथं आमची मोठी चूक झाली. नर्सिंग ब्युरोला फोन केला, म्हटलं सिस्टर पाहिजे, दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली. पांढरा कोट, गोड बोलणं, मामांना ज्यूस पाजला, चादर बदलली, आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी कळलं की ती नर्स नाहीच, केअरटेकर आहे, दोन महिन्यांचा कोर्स केलेली, आणि पैसे मात्र सिस्टरचे घेत होते. पोरीचा काही दोष नव्हता, तिला पाठवलं तिथं ती आली. पण मामांचं सॅच्युरेशन ८५ दाखवालंय आणि ती म्हणते, "बोट बदलून बघू का मॅडम?" बोट बदलून बघायचं हे बरोबरच आहे, पण त्याच्यापुढं काय हे तिला माहीत नव्हतं.

तर आधी शब्द समजून घ्या. मावशी किंवा केअरटेकर म्हणजे आंघोळ, जेवण, कपडे, उठवणं-बसवणं. एएनएम दोन वर्षांचा कोर्स, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची डिग्री. जीएनएम किंवा बीएस्सी झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलेली आणि आयसीयू किंवा छातीच्या वॉर्डात काम केलेली मिळाली तर बेस्ट. रजिस्ट्रेशनचा कागद मागायला लाजू नका, खरी सिस्टर लगेच दाखवते, जी चिडते तिचा विचार करा.

मग एकच प्रश्न विचारा, "सॅच्युरेशन ८४ दिसलं तर काय कराल?" जी पटकन "ऑक्सिजन वाढवते" म्हणाली तिला नमस्कार, का ते पुढं नॉबच्या भागात येईलच. चांगली सिस्टर आधी पेशंटकडं बघते, बोलतोय का, ओठ निळे आहेत का, मग ऑक्सिमीटरचा बोटाला लावायचा चिमटा (प्रोब) नीट बसलाय का, नळी कुठं मुडपलीय का, बाटलीचं झाकण सैल आहे का, आणि मग डॉक्टरांनी लिहून दिलेलं बघते. आमची आत्ताची सिस्टर तर म्हणाली, "पहिलं त्यांना बसवीन, आडवे असतील तर." तिथंच मी हो म्हटलं.

मिळते कुठं? ज्या हॉस्पिटलमधनं डिस्चार्ज झाला तिथल्या वॉर्ड इनचार्जला विचारा, छातीच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरला विचारा. सात रस्ता, होटगी रोड, जुळे सोलापूर भागात ओळखीनं ओळखीनं मिळतात. ब्युरोकडनं घेतली तर ड्युटीचे तास, सुट्टीला बदली कोण येणार, चहा-जेवण कुणाचं, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, म्हणजे नंतर तोंडातोंडी नको. मेडिक्लेम असेल तर घरच्या नर्सिंगचा खर्च मिळतो का हे डिस्चार्जच्या आधीच विचारा, नंतर विचारून फक्त मनस्ताप होतो.

आणि सगळ्यांनाच चोवीस तास सिस्टर लागत नाही. हॉस्पिटलमधनं आल्यावर पहिला महिना नाजूक, परत ॲडमिट व्हायची वेळ बऱ्याचदा याच काळात येते, त्यामुळं तेवढे दिवस जाणता माणूस ठेवा. आम्ही पहिले पंधरा दिवस बारा तासांची सिस्टर ठेवली, रात्री घरातलेच आळीपाळीनं. नंतर दिवसाला तासभर सिस्टर आणि बाकी मावशी. खिशाला परवडायचं तर हेच करावं लागतं.

खोली

सगळ्यात आधी धूर. देवघराची अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, आणि आपल्या सोलापुरी मिरचीची फोडणी. फोडणीचा ठसका आपल्याला लागला की आपण दोनदा शिंकतो आणि विसरतो, मामांना तासभर दम लागतो. पेशंटची खोली स्वयंपाकघरापासनं लांबची घ्या, फोडणी देताना दार लावा, काळा मसाला घरी भाजायचा बंद, सरळ डंकावरनं आणा. आमच्याकडं मागच्या दारी आंघोळीच्या पाण्याचा बंब होता लाकडाचा, तो सासूबाईंचा जीव की प्राण, पण काढला. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

झाडू मारताना आधी पाणी शिंपडा किंवा सरळ ओल्या फडक्यानं पुसा. पाणी चार-पाच दिवसाआड येणाऱ्या गावात हे लिहिताना मलाच हसू येतंय, पण एक बादली त्यासाठी बाजूला ठेवा.

उन्हाळ्याचं सोलापूर तुम्हाला माहितीय, ४२-४३ डिग्री. पत्र्याचं घर असेल तर पेशंट आणि मशीन दोघंही पत्र्याखाली नकोत. बऱ्याच ऑक्सिजन मशीनच्या पुस्तकात ४० डिग्रीपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. कूलर लावत असाल तर जाळीतलं गवत सीझनच्या सुरवातीला बदला, जुन्या गवताचा कुबट वास म्हणजे बुरशी, तीच हवा छातीत जाते. आणि कूलरचा झोत थेट तोंडावर नको.

मशीन, सिलिंडर आणि लाईट

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणजे हवेतनं ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन, त्यात काही भरावं लागत नाही, लाईट लागते. सीओपीडीच्या बहुतेक पेशंटना एक-दोन लिटर लागतो, त्यामुळं पाच लिटरचं मशीन पुरतं. दुकानदार दहाचं गळ्यात मारायला बघतो, डॉक्टरांचा कागद दाखवा. आधी महिनाभर भाड्यानं घ्या. घेताना चालू करून दहा मिनिटं थांबा, किती तास चाललंय त्याचं मीटर बघा आणि शुद्धता मोजून दाखवायला सांगा, ९० टक्क्यांच्या वर पाहिजे.

मशीन भिंतीपासनं हातभर लांब, पडद्याला चिकटून नको, मागची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावायची. मशीनवर ऑक्सिजन किती चाललाय ते दाखवणारी नळी म्हणजे फ्लोमीटर, त्यातली गोळी असते ना, तिचा मध्य दोनच्या रेषेवर आला म्हणजे दोन लिटर, गोळीचं वरचं टोक नाही, आणि डोळा गोळीच्या लेव्हलला आणून बघायचं. उभं राहून वरनं बघितलं की चुकतंय. आम्ही महिनाभर चुकीचंच बघत होतो.

पाण्याची बाटली लावायला सांगितली असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर किंवा उकळून गार केलेलं पाणी, रोज ओतून नवीन भरायचं. बोअरचं पाणी अजिबात नको, आठवड्यात पांढरे क्षार धरतात.

आता लाईट. पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॉट खातं. घरच्या इन्व्हर्टरला एकच १५० एएचची बॅटरी असेल तर तीन तास धरा, जुनी असेल तर त्याहून कमी, आणि तेही पंखा-टीव्ही बंद ठेवून. म्हणून घरात एक भरलेला सिलिंडर पाहिजेच. बी टाइपचा सिलिंडर, आपल्या कमरेएवढा येतो, त्यात भरलेला असताना साधारण दीड हजार लिटर गॅस असतो, दोन लिटरनं चालवला तर बारा तास. काटा अर्ध्यावर आला की सहा तास, एवढा साधा हिशेब. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीनं बांधून ठेवा, चावी त्यालाच दोरीनं बांधा. चावीचं सांगते कारण आमच्याकडं मे महिन्यात रात्री दीडला लाईट गेली, इन्व्हर्टर पहाटे साडेचारला बसला, सिलिंडर भरलेला, आणि चावी सापडेना! ती निघाली शिलाई मशीनच्या खणात. तेव्हापासनं दर रविवारी आम्ही लाईट गेली असं समजून एकदा सिलिंडर जोडून बघतो, शाळेतली पोरगी पण जोडते.

आगीचं मनावर घ्या. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण दुसऱ्याला भडकवतो. गॅस, निरंजन, काडेपेटी, बिडी यांच्यापासनं नळी तीन मीटर तरी लांब. "फक्त एक झुरका" म्हणणारा पेशंट असेल तर नाकातली नळी काढून झुरका मारणंही धोक्याचंच आहे, कपड्यात आणि पांघरुणात ऑक्सिजन मुरलेला असतो. आणि आपली सवय, नाक कोरडं पडलं की तूप नाहीतर खोबरेल लावायचं. ऑक्सिजन चालू असताना तूप, तेल, व्हॅसलीन, बाम काहीही नाकाला नको, मेडिकलमध्ये पाण्यावर बनवलेलं जेल मिळतं ते विचारा.

तो नॉब

हे मी वेगळं लिहितेय कारण ऑक्सिजनचा नॉब मनानं फिरवायच्या चुकीनं आमचा माणूस जाता जाता राहिला. घरी आल्यावर आठव्या दिवशी रात्री मामांचं सॅच्युरेशन ८६ दिसलं. माझे दीर, काळजीपोटीच, त्यांनी नॉब दोनावरनं पाचावर नेला. ऑक्सिमीटरवर ९७ आलं, मामा शांत झोपले, आम्ही सगळे पण झोपलो. सकाळी हाक मारली तर उठेनात. डोळे अर्धे उघडून परत मिटतात, हात थरथरतात. १०८ बोलावली, हॉस्पिटलमध्ये बायपॅप (मास्कमधनं दाबानं हवा देणारं मशीन) लावल्यावर संध्याकाळी माणसात आले. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला होता.

सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजन दिला की हा गॅस साठत जातो आणि माणूस गुंगीत जातो. म्हणून अशांना डॉक्टर बहुतेक वेळा ८८ ते ९२ एवढंच सॅच्युरेशन ठेवायला सांगतात. आपल्याला कोरोनापासनं सवय लागलीय की ९५ च्या खाली म्हणजे संपलं, ती सवय इथं मोडावी लागते. ऑक्सिजन हे औषध आहे, गोळी जशी डॉक्टरांना न विचारता दोनाची पाच करत नाही तसं. नॉबवर आम्ही पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर "२, हात लावू नये" लिहिलंय, पाहुण्यांसाठी. सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंगणं, बोलताना अडखळणं ही गॅस साठल्याची लक्षणं.

याच कारणानं झोपेची गोळी आणि कोडीनवालं खोकल्याचं औषध मेडिकलमधनं स्वतः आणून देऊ नका, श्वास आणखी मंदावतो. रात्रभर झोप नाही म्हणून शेजारचे काका त्यांची गोळी देतात, घेऊ नका.

वही

दुसऱ्यांदा घरी आल्यावर आलेल्या सिस्टरनं पहिल्या दिवशी मशीनकडं बघितलंच नाही. मामांजवळ अर्धा तास बसली, विचारत होती, किती उशा घेता, संडासला जाताना कुठं थांबता, पेपर कधी वाचता. मी म्हटलं ही काय गप्पा मारायला आलीय. मग तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, "बाबांचं नेहमीचं." दोन उशा. सॅच्युरेशन ८९ ते ९१. श्वास मिनिटाला २२. कफ पांढरा, सकाळी दोन-तीन चमचे. बाथरूमपर्यंत एकदा थांबून जातात. सकाळी पेपर पूर्ण वाचतात, सोडवलेलं शब्दकोडं दाखवतात.

बारा दिवसांनी एका सकाळी सॅच्युरेशन ९०, ताप नाही, सगळं ठीक. पण ती म्हणाली, "आज कोडं सोडवलं नाहीत बाबा?" मग उशा मोजल्या, रात्री तिसरी घेतली होती. कफाचा डबा बघितला, पिवळसर. तिनं डॉक्टरांना फोन केला, त्याच दुपारी औषध सुरू झालं, ॲडमिट करायची वेळ आली नाही. आकडा चांगला होता ओ, माणूस बिघडालता. शिकलेल्या सिस्टरचे पैसे याच गोष्टीचे असतात, सुई टोचायचे नाहीत.

तर तुम्ही पण पहिल्या चांगल्या दिवशी असं "नेहमीचं" पान लिहून ठेवा आणि रोज त्याच वेळी त्याच्याशी ताडून बघा. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. नाडी धरल्याचं नाटक करा आणि पूर्ण एक मिनिट पोटाकडं बघा. ऑक्सिमीटर लावताना हात गार नको, नखाला नेलपॉलिश-मेंदी नको, आणि आकडा मिनिटभर स्थिर झाल्यावरच लिहा. पायावर सूज आहे का ते घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबून बघा, खड्डा राहिला तर सांगा. आठवड्यातनं एकदा वजन.

नेब्युलायझर, पंप, बायपॅप

नेब्युलायझर नेहमी बसवून. श्वास मोकळा करणारं औषध आधी, स्टिरॉइडचं नंतर, डॉक्टरांनी दोन्ही दिलं असेल तर. आठ-दहा मिनिटं लागतात, कप फडफडायला लागला की कडेला टिचकी मारा, उरलेलं औषध खाली येतं. मास्क ढिला असला की वाफ डोळ्यात जाते, काचबिंदू असणाऱ्याला ते वाईट, त्यांच्यासाठी तोंडात धरायची नळी घ्या. स्टिरॉइडनंतर चूळ भरून थुंकायचं आणि मास्क असेल तर तोंड पुसायचं, नाहीतर जिभेवर पांढरं येतं. कप प्रत्येक वेळी धुऊन उलटा वाळवा, ओला झाकून ठेवू नका. आठवड्यातनं एकदा एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाण्यात अर्धा तास बुडवा.

पंपाबाबत एवढंच, फुसफुसणारा पंप असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा आणि सावकाश ओढा, मग दहा आकडे श्वास धरा. कॅप्सूल फोडून ओढायचं यंत्र असेल तर उलटं, जोरात आणि खोल ओढायचं. लोक दोन्ही एकाच पद्धतीनं ओढतात आणि म्हणतात औषध लागू पडत नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यानं धुवा पण आतनं फडक्यानं पुसू नका, औषध भिंतीला चिकटतं.

बायपॅप दिलं असेल तर पहिल्या तीन रात्री सिस्टर हवीच. पट्टा एवढा की खाली दोन बोटं जातील. नाकाच्या हाडावर लाल डाग दिसला की लगेच सांगा, तिथं जखम व्हायला वेळ लागत नाही. जेवून लगेच लावायचं नाही, उलटी मास्कमध्ये झाली तर अवघड.

जेवण आणि दिवस

पोट गच्च भरलं की फुफ्फुसाला जागा राहत नाही, म्हणून दिवसातनं पाच-सहा वेळा थोडं थोडं. श्वास घेण्यातच एवढी ताकद जाते की ही माणसं वाळत जातात, त्यामुळं अंडं, डाळ, दूध, दही, शेंगदाणे पोटात गेले पाहिजेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडा म्हटलं तर सोलापूरकर घर सोडेल, पण दम लागत असताना कोरडा चुरा घशात उडतो आणि असा ठसका लागतो की विचारू नका. आमच्याकडं कडक भाकरी आमटीत मऊ होईपर्यंत भिजवायची आणि चटणी दह्यात कालवायची, यावर तह झालाय. जेवताना नाकातली नळी काढायची नाही आणि बोलायचं नाही.

आंघोळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, दार आतनं न लावता, पाणी कडक नको, वाफेनं जीव घाबरतो. पुसायच्या ऐवजी मोठा टॉवेल अंगावर गुंडाळून बसू द्या. टॉवेलला आपल्याकडं काय तोटा! भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, उकिडवं बसून उठण्यात सगळा दम जातो.

दम लागला की काय करायचं हे दम नसताना शिकवा. पुढं वाकून, कोपर गुडघ्यावर किंवा टेबलावर टेकून बसायचं, नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, गरम चहा फुंकतो तसा, दुप्पट वेळ सोडायचा. आपण समोर बसून बरोबर फुंकायचं. नुसतं "घाबरू नका, घाबरू नका" म्हणत घरभर पळणारा माणूस खोलीबाहेर काढा. कफ काढताना जोरजोरात खोकायला लावू नका, त्यानं माणूस दमतो, काचेवर वाफ धरायला "हाऽऽ" करतो तसं दोनदा करायला सांगा, कफ वर येतो. आणि पलंगावर झोपवून ठेवू नका, रोज चार पावलं जास्त चालवा, पाय गेले की दम वाढतो.

लगेच १०८ कधी बोलवायची

पूर्ण वाक्य बोलता येत नाही, दोन शब्दांत श्वास घेतोय. ओठ-नखं निळसर. हाक मारली तर उशिरा बघतोय किंवा असंबद्ध बोलतोय. नेब्युलायझर देऊनही फरक नाही. छातीत दुखतंय. सॅच्युरेशन डॉक्टरांनी दिलेल्या खालच्या आकड्याच्या खाली गेलंय आणि नळी-प्रोब सगळं तपासूनही वर येत नाही. यातलं एक जरी दिसलं तर १०८, सकाळची वाट बघायची नाही. कुंभारी, रायनगर किंवा त्याच्याही पलीकडं राहणाऱ्यांनी अंतर धरून आणखी लवकर निघावं. ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या बसल्या आधी सांगा, "सीओपीडी आहे, घरी दोन लिटरवर असतात, ८८ ते ९२ ठेवायला सांगितलंय." हेच वाक्य आम्ही वहीच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण त्या वेळी कुणालाच काही आठवत नाही. पिशवीत वही, सगळे पंप, चालू औषधांच्या पट्ट्या, आधार कार्ड आणि मोबाईलचा चार्जर.

कफ पिवळा-हिरवा झाला, रोजच्यापेक्षा दम वाढला, पायावर सूज आली, हे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

लसी विसरू नका, फ्लूची दरवर्षी आणि न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. गड्ड्याच्या जत्रेला मामांना जायचंच होतं, दरवर्षी नंदीध्वज बघायचे असतात त्यांना. धूळ आणि गर्दी बघून सिस्टरनं नाही म्हटलं, मग मास्क लावून सकाळी लवकर, मोकळ्या ठिकाणी, गाडीतनंच दाखवून आणलं. लहान सिलिंडर बरोबर होता, चावी माझ्या गळ्यात.

सिस्टर बंद करताना

एकदम बंद करू नका. आधी एक दिवसाआड करा, त्यातल्या रिकाम्या दिवशी घरातला माणूस वही भरेल आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर ती तपासेल. दोन आठवडे वहीत घोळ झाला नाही तर आठवड्यातनं एकदा. आमची सिस्टर आता शनिवारी येते, पंप ओढून दाखवायला लावते, कारण पेशंट हळूहळू परत चुकीचं ओढायला लागतात, मशीनची जाळी बघते, सिलिंडरचा काटा बघते. मागच्या शनिवारी काटा पाऊण होता, तर मला म्हणाली, "भरून आणा, मे महिना आहे."